क्लाराची तारीख

“आणि या क्लाराबाई? यांची तारीख काय घालू?” दगड कोरणाऱ्याने विचारलं, आणि उत्तर द्यायला तोंड उघडल्यावर सालोमीच्या लक्षात आलं की आपल्याला ती ठाऊक नाही. विसरलो असं नव्हे, ठाऊकच नाही. आजोबांची तारीख तिने सांगितली होती, पपांची सांगितली होती. पपांना जाऊन येत्या नोव्हेंबरात वर्ष होणार, म्हणून तर हा दगड. शिवडीच्या दफनभूमीसमोरच्या त्या शेडमध्ये संगमरवराची भुकटी सगळ्यावर बसली होती, त्या माणसाच्या पापण्यांवरसुद्धा. कानाला पेन्सिल अडकवून तो शांतपणे वाट पाहत होता. माणसं इथे येऊन अडखळतात हे त्याच्या सवयीचं असावं. बहीण का, असं त्याने विचारलं. ती हो म्हणाली. मग तिला वाटलं, क्लाराबाई हा शब्द आपण आज पहिल्यांदा ऐकतोय. क्लारा तीन वर्षांची होती. बेचाळीस साली तीन वर्षांची होती आणि घरात ती तेवढीच राहिली होती; संध्याकाळच्या रोझरीच्या प्रार्थनेनंतर तिचं नाव निघे तेव्हा डोळ्यांपुढे फ्रॉकच येई. या अनोळखी माणसाने सहज तोंडावर आलं म्हणून तिला बाई करून टाकलं होतं, आणि त्यासरशी शेडच्या त्या पांढऱ्या उजेडात चाळिशीची कुणीतरी एक बाई उभी राहिल्यासारखी वाटली. सालोमीने त्याला सांगितलं, तेवढं नाव सध्या राहू द्या, विचारून कळवते.

बाहेर ऑक्टोबरचं ऊन रणरणत होतं. फोर्टमधल्या विमा कंपनीच्या ऑफिसात तिला दुपारपर्यंत पोचायचं होतं, पण बस आली तशी तिने जाऊ दिली आणि थांब्याच्या कठड्यावर बसून राहिली. तिला स्वतःचंच नवल वाटत होतं. पॉलिसीवर मृत्यूची तारीख नसली तर ती लोकांना परत पाठवते; तारीख कळली नाही तर कुणी पाहिलं ते सांगा म्हणते. क्लाराचं कुणी पाहिलं? पपांनी. म्हणजे पपा तसं सांगत. वसईजवळच्या उमराळ्याला, आपल्या गावी परत आल्यावर पहिल्याच दिवशी आजोबांच्या जुन्या घराच्या ओट्यावर बसून त्यांनी जमलेल्या गावाला सांगितलं होतं: वाटेत ताप आला, गेली, जंगलातच माती दिली. सालोमी तेव्हा नऊ वर्षांची होती. पायांना चिंध्या बांधलेल्या, केस कापून टाकलेले, आणि गावच्या बाया एकेक करून येऊन तिला छातीशी धरत होत्या. पोर गमावलेल्या आयलाही धरत होत्या. आय रडली नाही. धक्का बसलाय बिचारीला, असं सगळ्याजणी म्हणाल्या. मग रविवारी चर्चमध्ये तिच्यासाठी मिस्सा झाली, फादरांनी क्लाराचं नाव घेतलं आणि त्या दिवसापासून ती गोष्ट मिटली. वाक्य किती नीट होतं ते आज तिच्या ध्यानात आलं. ताप आला, गेली, माती दिली. रंगूनबद्दल बोलताना पपा कधीच असं आटोपशीर बोलत नसत. रंगूनबद्दल बोलायचे ते तासन् तास.

रंगून म्हणजे तेल पाजलेल्या सागवानी जमिनीचा वास. आजोबा सॅन्टन वसईहून करवत आणि रंधा घेऊन सुतार म्हणून तिकडे गेले, आणि पहिल्या महायुद्धात पलटणीला खाटा आणि दारूगोळ्याची खोकी पुरवता पुरवता कंत्राटदार झाले. पपांनी ते वाढवलं. सरकारी बराकी, क्लबांतली कपाटं, रेल्वेची बाकं. टेकडीवर बंगला, फाटकावर दरवान, मागे स्वयंपाकी आणि त्याची माणसं, आणि मुलांसाठी आया, मा थ्वे. तिच्या केसांत नेहमी फूल असे आणि गालांना चंदनासारखं काहीतरी फासलेलं. तिच्या कडेवर बसलं की तो गारवा आपल्या गालाला लागायचा. रविवारी घोडागाडीतून मिस्सेला जायचं; पपांच्या डोक्यावर साहेबाची हॅट, आणि नाव लुईस परेरा. गोऱ्या साहेबांच्या घरी चहाला बोलावणं आलं की आय दोन दिवस आधीपासून गप्प होई, कारण तिला इंग्रजी येत नव्हतं आणि उमराळ्याच्या बोलीत बोलायला तिथे मा थ्वेशिवाय कुणी नव्हतं. ती बर्मी बाई आयकडूनच आमची बोली शिकली होती. ‘सालू, ये गो’ असं म्हणायची. पपांना या सगळ्याचं अप्रूप होतं. जपान्यांचे बाँब पडले तरी त्यांना वाटत होतं हे सरकार पळणार नाही, अजून बिलं यायचीत. निघालो तेव्हा फेब्रुवारी होता आणि बंदर जळत होतं.

ती डोळे मिटून पुढचं एकेक काढू लागली, कपाटातले कपडे बाहेर काढून खाटेवर मांडावेत तसं. मंडालेपर्यंत गाडी, मा थ्वेही बरोबर. तिथून कुणाच्या तरी ट्रकमधून मोन्यवा नावाच्या गावी, नदीकाठी. तिथे आगबोट. आगबोट वर जाई, आणि तिथून पुढे जंगल, डोंगर, मणिपूर. जंगल तिला चांगलं आठवत होतं, कारण तिथे तिने मेलेली माणसं पाहिली. धक्क्यावरचं तिला एवढंच आठवत होतं: सुक्या मासळीचा आणि कोळशाच्या धुराचा वास, थोरल्या भावाच्या, फर्डिनंडच्या पाठीवर बांधलेली क्लारा, आणि क्लाराचा एक पाय आपल्या हातात, कारण त्या पायातला बूट पडला होता आणि तो पाय ती उन्हापासून झाकत होती. पाय तापला होता. मग मधलं काही नाही. मग आगबोटीचा कठडा, पिवळं पाणी, आणि तिच्यापुढे उभा असलेला फर्डिनंड, पाठमोरा. त्याच्या सदऱ्यावर घामाचा मोठा ओला डाग होता, क्लारा जिथे टेकून असायची तिथे, आणि तो कडेकडेने वाळत आत आत येत होता. तो डाग पूर्ण वाळेपर्यंत ती बघत उभी होती. हे चित्र तिच्याजवळ नेहमीचंच होतं, कितीतरी वेळा आलेलं. पण ते कशाच्या आधीचं आणि कशाच्या नंतरचं, हा प्रश्न तिने त्याला कधी विचारला नव्हता. जंगल तर बोटीनंतर होतं. आणि बोटीवर पाठ रिकामी होती.

ती उठली. समोरून ट्रक जात होते, एक बाई भांडी घासत होती, सगळं जसंच्या तसं चाललं होतं. तिला भीती वाटली, पण त्या भीतीच्या तळाशी काहीतरी टणक लागलं, पाण्यात पाय सोडल्यावर जमीन लागते तसं. आता हे कळल्यावाचून राहायचं नाही, असं तिने ठरवलं.

संध्याकाळी उमराळ्याला पोचली तेव्हा फर्डिनंड केळीच्या वाडीतून येऊन मागच्या दारी हातपाय धूत होता. पपा थकल्यापासून नोकरी सोडून तोच वाडी बघे. परत आल्यावर आजीच्या दागिन्यांवर आणि उरलेल्या ओळखींवर पपांनी हा बंगला बांधला होता. गाव त्याला रंगूनवाल्यांचा बंगला म्हणे, आणि फर्डिनंडलाही रंगूनवाला. तिने त्याला सांगितलं की कोरणारा क्लाराची तारीख मागतोय. तो म्हणाला, एप्रिलातली कुठलीही घाल, कोण तपासायला येतंय. तिने विचारलं, माती कुठे दिली? मोठ्या झाडाखाली, तो म्हणाला. मागे एकदा तू ओढ्याकाठी म्हणाला होतास, ती म्हणाली. झाड ओढ्याकाठीच होतं, तो म्हणाला. मग तिने विचारलं की बोटीवर क्लारा कुणाजवळ होती. फर्डिनंडचा एक हात तांब्याखाली होता. पाणी संपलं तरी तो हात तसाच धरून राहिला. पन्नाशीचा माणूस, पण त्या क्षणी त्याची मान तेरा वर्षांच्या पोराची दिसली.

“आयला यात ओढू नकोस,” तो म्हणाला. “तिचं आता किती राहिलंय?”

म्हणजे आयला ठाऊक आहे. हे त्याने सांगितलं नव्हतं, पण सांगितल्यासारखंच झालं.

रविवारी मिस्सेहून आल्यावर फर्डिनंड आणि त्याची बायको कार्मिन तिच्या माहेरी गेली. घरात दोघीच राहिल्या. आय मागच्या पडवीत मोड आलेले वाल सोलत बसली होती. सालोमी समोर बसली आणि तीही सोलू लागली. साल बोटाने दाबली की आतली डाळिंबी निसटून ताटात पडते. त्याचा एक ठेका जमतो आणि बोलायची गरज उरत नाही. या घरात अशी कितीतरी कामं होती. किती वर्षं आपण अशा ठेक्यांवर काढली, असं तिला वाटलं. आपलं लग्न झालं नाही तेही असंच कुणी न बोलता. तिला वाटत होतं, विचारलं की आय कोसळेल. आपण उद्या पश्चात्ताप करू. तरी तिने विचारलं, आणि जेवढ्यास तेवढंच विचारलं: क्लारा बोटीवर चढली होती का?

आय थांबली नाही. तिने हातातला वाल सोलून ताटात टाकला. मग म्हणाली, “नाय चढली.”

आणि मग ती सांगत गेली, तशीच सोलत, आवाज न चढवता. जणू हे सगळं तिच्या तोंडात शब्दांसकट तयार होतं आणि कुणी विचारायचीच खोटी होती. धक्क्यावर पटकी सुरू झाली होती. एक साहेब आणि एक डॉक्टर बोटीवर चढायच्या फळीजवळ उभे राहून माणसं बघून बघून चढवत होते. हिंदुस्थानी हमालांचे घोळके बाजूला बसवले होते, त्यांना पायी जायला सांगत होते. पपांनी हॅट घातली, नाव सांगितलं, इंग्रजीत बोलले, आणि साहेबाने त्यांना गोऱ्यांच्या रांगेत घेतलं. पण डॉक्टरने क्लाराचे डोळे पाहिले आणि मान हलवली: हे पोर नाही. आणि ही बर्मी आया नाही. बोट जायची घाई होती. पुढची बोट येईल की नाही हे कुणीच सांगत नव्हतं. तेव्हा मा थ्वेने फर्डिनंडच्या पाठीवरची गाठ सोडली. तिची बहीण मंडालेजवळ अमरापूरला राहत होती, मागावर रेशमी लुंग्या विणायची. मी हिला तिच्याकडे नेते, बरी झाली की तुम्ही या, असं ती आपल्या बोलीत म्हणाली. आयने हातातल्या बांगड्या तिला दिल्या. क्लारा झोपेत होती.

“तू उतरली असतीस तर?” सालोमीने विचारलं. हा प्रश्न आपण विचारू असं तिला वाटलं नव्हतं.

“तर तुम्ही दोघं गेला असता,” आय म्हणाली. “बापाला जंगलात पोरं सांभाळता आली नसती. मी बघितलं तिघांकडं आणि दोघं घेतली. आजपण तेच करीन.” मग पहिल्यांदाच तिने वर पाहिलं. “पण मेली असं मी कधी म्हटलं नाय. तुम्ही म्हणत होता. मी गप होते.”

सालोमीला आठवलं, रोझरीनंतर मयतांची नावं घेताना पपा क्लाराचं नाव उच्चारीत आणि सगळे ‘तिला शांती मिळो’ म्हणत. आयचे ओठ तेव्हा हलत की नाही, हे तिने कधी पाहिलं नव्हतं. लढाई संपल्यावर पपांना किती सांगितलं, आय म्हणाली. पुन्हा बोटी सुरू झाल्या होत्या, लोक आपलं सामानसुमान शोधायला परत जात होते. पपाही एकदा गेले, कंत्राटाच्या थकलेल्या पैशांचं बघायला, रंगूनहूनच परतले. तोवर गावात मिस्सा होऊन गेली होती. मेलेलं पोर परत कसं आणू, गावाला काय सांगू, असं म्हणाले. परेरांनी आपलं पोर आयाजवळ टाकलं आणि हॅट घालून बोटीत बसले, हे त्यांना कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. आय हे रागाने सांगत नव्हती. ताटातल्या डाळिंब्या तिने एका बाजूला सारल्या आणि सालं पदरात गोळा केली. आता काय करायचं ते तू सांग, एवढंच तिच्या चेहऱ्यावर होतं.

त्या रात्री नव्हे, पण पुढचे काही दिवस सालोमीच्या मनात पपांशी भांडण चाललं. ऑफिसात कागदांवर शिक्के मारताना, पापडी गावच्या बाजारात भाजी घेताना. पपा शेवटी शेवटी लहान मुलासारखे झाले होते, चमच्याने भरवताना तिचं बोट धरून ठेवत. त्या धरण्यात काही होतं का? तिला त्यांचा राग येत होता आणि लगेच त्या चमच्याची आठवण येत होती, आणि दोन्ही एकमेकांना खोडत नव्हती. तिला स्वतःची मात्र चीड आली नाही. नऊ वर्षांच्या मुलीने कठडा धरून उभं राहण्याशिवाय काय करायचं होतं? पण आता ती शेहेचाळीस वर्षांची होती. अमरापूरला कुणीतरी चाळिशीची बाई असेल किंवा नसेल. नसेल तर ते कुणीतरी जाऊन पाहिलं पाहिजे. मेलेल्याला तारीख असते, आणि जिच्याजवळ तारीख नाही तिला आपण दगडाखाली घालणार नाही. इतकं साधं होतं ते.

तिने जेवताना सांगितलं. दगडावर क्लाराचं नाव जाणार नाही, आणि आपण ब्रह्मदेशात जाणार. सात दिवसांचा व्हिसा मिळतो, मंडालेपर्यंत जाऊ देतात. तिने चौकशी केली होती. फर्डिनंडने ताट दूर सारलं. मंडाले जळून गेलं, तो म्हणाला, आपण तिथून निघाल्यावर महिन्याभरातच, सगळ्यांना माहीत आहे. अमरापूर म्हणजे मंडाले नव्हे, ती म्हणाली. मग तो गावाबद्दल बोलला, पपांच्या वर्षाच्या मिस्सेबद्दल बोलला. मेलेल्या माणसाला थडग्यावर खोटं पाडणार का, असं विचारलं. कार्मिनने मध्ये पडून म्हटलं की नाव राहू दे, तारीख नको घालायला, म्हणजे दोघांचंही राहील. सालोमीने नाही म्हटलं. नाव दगडावर आलं की ती मेली. तिचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला, ऑफिसातल्यासारखा सपाट. फर्डिनंडने आयकडे पाहिलं.

“नाव नको घालू,” आय म्हणाली आणि भातावर आमटी वाढून घेतली.

ऑल सोल्सच्या, मयतांच्या स्मरणाच्या दिवशी उमराळ्याची दफनभूमी झेंडूने आणि मेणबत्त्यांनी भरली होती. परेरांच्या नव्या दगडावर दोनच नावं होती. फादरांनी पाणी शिंपडलं आणि पुढच्या थडग्याकडे गेले. मग बाया आल्या. शेजारच्या क्लेमेंटाईन मावशीने दगड बोटाने वाचला आणि क्लाराचं राहिलं गो, असं म्हणाली. सालोमीला वाटलं होतं की इथे आपली जीभ अडखळेल.

“राहिलं नाही, मावशी,” ती म्हणाली. “ती मेल्याचं आम्हांला ठाऊक नाही. तिला आयाजवळ ठेवून आम्ही पुढे आलो.”

मावशीने तिचा हात धरला होता तो हळूच सोडला. थोड्या वेळाने पलीकडच्या थडग्यांपाशी डोकी एकत्र आली, मागे वळून पाहू लागली. आणखी दोघींनी विचारलं. तिने दोघींना तेच शब्द सांगितले, कमी नाहीत, जास्त नाहीत. प्रत्येक वेळी ते सांगणं थोडं सोपं गेलं आणि पपांच्या मेणबत्तीकडे बघणं थोडं अवघड. फर्डिनंड दगडाच्या डोक्याशी उभा होता, गावाकडे पाठ करून. सदरा पाठीला चिकटला होता. तिला जाऊन त्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. पण तिने ठेवला नाही, कारण कधी ठेवला नव्हता. हिलरी नावाचा त्याचा शाळेपासूनचा मित्र त्याच्याजवळ आला, काहीतरी हळू आवाजात विचारून गेला. फर्डिनंडने मान हलवली. हो म्हणून हलवली.

त्यानंतर आठवडाभर तो तिच्याशी बोलला नाही. मग एका संध्याकाळी ती पासपोर्टसाठी काढलेले फोटो आयला दाखवत होती, तेव्हा तो वाडीतून आला आणि चिखलाच्या पायांनी दारातच उभा राहिला. अमरापूरला गेलीस तर विचारणार कसं, तो म्हणाला, तुला मा थ्वेच्या बहिणीचं नाव तरी ठाऊक आहे का? तिला ठाऊक नव्हतं. आयलाही नव्हतं. त्याला होतं. मंडालेला ट्रक मिळेपर्यंत एक रात्र त्या बहिणीच्या घरी काढली होती. सालोमी आणि आय दमून झोपल्या होत्या, आणि तो क्लाराला घेऊन मागाशेजारी बसला होता. तळ्यावरच्या लाकडी पुलाजवळचं घर, दारात चिंच. बहिणीचं नाव डॉ मिया, डॉ म्हणजे तिकडे बाई. तो हे सगळं एका दमात बोलला. मग म्हणाला, “गाठ मा थ्वेला सुटत नव्हती. मी सोडून दिली. वजन गेलं तेव्हा बरं वाटलं मला.” त्याने पायाचा चिखल उंबऱ्याला पुसला. “तू एकटी जाऊ नकोस. मी येतो.”

सालोमीने सरकून त्याला बाकावर जागा करून दिली. तो बसला. आता दोघं मिळून ठरवू लागले: जानेवारीत जायचं, कलकत्त्याहून विमान, वाडी तोवर कार्मिन आणि हिलरी बघतील. फर्डिनंड म्हणाला, ती सापडली तर तिला आपली भाषासुद्धा येत नसेल. सांगायचं काय तिला? की तुला बरं नव्हतं, बोटीत जागा नव्हती—

“ते नाय सांगायचं,” आय म्हणाली. ती फोटो डोळ्यांजवळ धरून बघत होती. तिने तो खाली ठेवला. “जागा होती. बोटीत माझ्या शेजारची बसायची फळी मणिपूरच्या वाटेला लागेस्तोवर रिकामी होती. विचारलंन तर हेच सांगा.”